युद्धाला विरोध करणाऱ्यांवर नेमके कोणते गुन्हे लावले जातात?

युद्धाला विरोध करणे हाच गुन्हा आहे, असे सरळ शब्दांत सांगणारा कायदा इतिहासात क्वचितच सापडतो. विरोध करणाऱ्या माणसाला शिक्षा होते ती सैन्यभरतीत अडथळा आणल्याबद्दल, खोटी माहिती पसरवल्याबद्दल, सैन्याची बदनामी केल्याबद्दल, रहदारी अडवल्याबद्दल आणि अलीकडच्या काळात दहशतवादाला पाठिंबा दिल्याबद्दल. या विषयावर वाचत असताना माझे एक मत पक्के होत गेले. आरोपाचे नाव कोणतेही असो, त्याचा परिणाम एकच होतो: युद्ध करावे की नाही, आणि सुरू झालेले युद्ध पुढे चालवावे की नाही, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेतून उठवला जातो. म्हणूनच शिक्षा झालेला माणूस युद्धाबद्दल बरोबर बोलत होता की चूक, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

अमेरिकेचे पहिल्या महायुद्धातील उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि १५ जून १९१७ रोजी हेरगिरीविरोधी कायदा अमलात आला. कायद्याचे नाव हेरांपुरते होते. मात्र त्याच्या एका कलमाने सैन्यात बेदिली माजवण्याचा किंवा भरतीत अडथळा आणण्याचा प्रयत्न करणाऱ्याला २० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली होती, आणि सरकारी वकिलांनी सर्वाधिक वापर याच कलमाचा केला. पुढच्या वर्षी त्याला राजद्रोहाच्या दुरुस्तीची जोड मिळाली आणि सरकार, राज्यघटना, ध्वज किंवा सैनिकी गणवेश यांच्याविषयी अपमानकारक बोलणेही शिक्षापात्र ठरले. या कायद्यांखाली सुमारे २,००० खटले भरले गेले व १,००० हून अधिक लोक दोषी ठरले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरील मूकपटात ब्रिटिश सैनिकांचे अत्याचार दाखवले म्हणून त्याचा निर्माता रॉबर्ट गोल्डस्टीन याला १० वर्षांची शिक्षा सुनावली गेली, कारण ब्रिटन आता मित्रराष्ट्र होते. शिक्षा पुढे कमी झाली, पण तोवर त्याचा व्यवसाय संपला होता.

समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी १६ जून १९१८ रोजी ओहायो राज्यातील कँटन येथे भाषण केले. युद्ध पुकारणारा वर्ग वेगळा आणि त्यात मरणारा वर्ग वेगळा, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. भरती टाळा असे आवाहन त्यांनी थेट शब्दांत केले नव्हते. तरीही भाषणाचा स्वाभाविक परिणाम भरतीत अडथळा येण्यात होईल, असे मानून त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. १९२० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली व त्यांना नऊ लाखांहून अधिक मते मिळाली. डिसेंबर १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांची उर्वरित शिक्षा माफ केली. तोपर्यंत युद्ध संपून तीन वर्षे उलटली होती.

इतर देशांतील आणि आजच्या काळातील उदाहरणे सभासदांनी द्यावीत. विरोधी मत असल्यास तेही सविस्तर मांडावे, ही विनंती.

प्रतिसाद १

धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे. ब्रिटनविषयी थोडी भर घालतो.

तेथे ऑगस्ट १९१४ मध्येच देशसंरक्षण कायदा झाला आणि त्याखालील नियम संसदेत फारशी चर्चा न होता वाढत गेले. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना १९१६ मध्ये एका पत्रकासाठी १०० पौंड दंड झाला, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांचे अध्यापकपद काढून घेतले आणि १९१८ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात सहा महिन्यांची शिक्षा झाली. काँगोमधील अत्याचार जगापुढे आणणारे ई. डी. मोरेल यांचा गुन्हा याहूनही किरकोळ होता. त्यांची युद्धविरोधी पत्रके स्वित्झर्लंडमध्ये राहणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, आणि तेवढ्यावरून १९१७ मध्ये त्यांना सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. त्यात त्यांची प्रकृती कायमची खालावली. १९२२ मध्ये डंडी मतदारसंघातून तेच मोरेल निवडून आले, आणि तेथे पराभूत झालेल्यांत विन्स्टन चर्चिल होते.

फ्रान्समध्ये तर युद्ध सुरू होण्यापूर्वीच, ३१ जुलै १९१४ रोजी, ते टाळण्यासाठी धडपडणारे समाजवादी नेते झाँ झोरेस यांचा खून झाला. खुनी राऊल व्हिलँ याला १९१९ मध्ये, म्हणजे विजयाच्या वातावरणात, ज्यूरीने निर्दोष सोडले आणि खटल्याचा खर्च झोरेस यांच्या पत्नीवर टाकला गेला. कायद्याने तोंड बंद करणे आणि तोंड बंद करणाऱ्याला कायद्याने सोडून देणे, या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र व्हायला हवा, असे मला वाटते.

प्रतिसाद २

मूळ लेखातील तथ्यांशी माझा वाद नाही, निष्कर्षाशी आहे. युद्धात लाखो माणसांचे जीव पणाला लागलेले असतात. सैन्याच्या हालचाली, दारूगोळ्याचा साठा, जहाजांचे मार्ग ही माहिती उघड झाली तर आपलीच माणसे मरतात. शत्रूचा प्रचार अनेकदा शांततेच्या भाषेतच येतो, हेही नाकारता येणार नाही. भरतीला निघालेल्या तरुणाच्या हातात ऐनवेळी पत्रक ठेवणे आणि सभागृहात भाषण करणे या गोष्टी एकाच मापाने मोजता येतील का? लोकशाही राष्ट्रालाही टिकून राहण्याचा अधिकार आहे, आणि तो बजावताना काही काळ काही आवाजांवर मर्यादा आल्या तर त्या सर्वांना मुस्कटदाबी म्हणणे मला अतिरेकी वाटते.

धागालेखकाचे उत्तर

आपला आक्षेप गंभीर आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर देतो.

लष्करी माहिती गुप्त ठेवण्याला माझा विरोध नाही, आणि वर आलेल्या एकाही खटल्यात जहाजाचा मार्ग किंवा तुकडीचे ठिकाण उघड झालेले नव्हते. आपण ज्या पत्रकांचा उल्लेख केला आहे, तो प्रश्न १९१९ मध्ये शेंक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. फिलाडेल्फियातील समाजवादी पक्षाच्या सचिवाने सक्तीच्या भरतीसाठी निवडलेल्या तरुणांना पत्रके पाठवली होती. सक्तीची भरती ही घटनेने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे असा युक्तिवाद करून कायदा रद्द होण्यासाठी अर्ज करा, असे त्यांत म्हटले होते. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी शिक्षा कायम करताना, भरलेल्या नाट्यगृहात आग लागल्याची खोटी आरोळी ठोकणाऱ्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही, हा प्रसिद्ध दाखला दिला. तो दाखला आजही सर्वत्र दिला जातो, पण तो एका युद्धविरोधी पत्रकाला शिक्षा देताना वापरला गेला होता हे सहसा सांगितले जात नाही. पत्रकातला युक्तिवाद चुकीचा असेल, पण त्याला खोटी आरोळी म्हणता येत नाही. त्यावर प्रत्युत्तर देता येते आणि ऐकणाऱ्याला विचार करायला वेळही मिळतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एब्रम्स खटल्यात, रशियात अमेरिकी सैन्य पाठवण्याच्या विरोधात पत्रके वाटणाऱ्यांना २० वर्षांपर्यंतच्या शिक्षा कायम झाल्या, तेव्हा याच होम्स यांनी असहमतीचा निकाल लिहिला आणि सत्याची कसोटी विचारांच्या खुल्या स्पर्धेतच लागते अशी भूमिका घेतली. आठ महिन्यांत एका न्यायाधीशाचा दृष्टिकोन इतका बदलला, तरी कायद्याला तेथवर पोहोचायला पुढची ५० वर्षे लागली. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालाने, तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि ते घडण्याची खरी शक्यता असल्याखेरीज भाषणाला शिक्षा करता येणार नाही, अशी कसोटी ठरवली. आपण ज्या मर्यादेची अपेक्षा करता, ती अशी अरुंद असेल तर मला मान्य आहे.

प्रतिसाद ३

रहदारी अडवल्याच्या आरोपाचा उल्लेख मूळ लेखात ओझरता आला आहे, त्यामागची घटना सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२५ ऑगस्ट १९६८ रोजी, चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा घुसल्यानंतर चार दिवसांनी, मॉस्कोच्या लाल चौकात आठ माणसे भर दुपारी फलक घेऊन बसली. कवयित्री नतालिया गोर्बानेव्स्काया आपल्या तान्ह्या मुलाला बाबागाडीत घेऊन आल्या होत्या. एका फलकावर तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी, असे लिहिले होते. काही मिनिटांतच साध्या वेशातील माणसांनी फलक फाडले आणि मारहाण केली. व्हिक्टर फाइनबर्ग यांचे दात पाडले गेले. नंतर जो खटला चालला, त्यात सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी करण्याबरोबरच सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवून वाहतुकीत अडथळा आणल्याचाही आरोप होता. आठांपैकी लारिसा बोगोराझ आणि पावेल लित्विनोव्ह यांना हद्दपारी मिळाली, आणखी दोघे श्रमछावणीत गेले. दात पडलेल्या फाइनबर्ग यांना न्यायालयात उभे करणे अडचणीचे असावे. त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली, आणि पुढे गोर्बानेव्स्काया यांच्याही वाट्याला तेच आले. माझ्या मते हा प्रकार तुरुंगापेक्षा क्रूर आहे, कारण तुरुंगात निदान तुमचे म्हणणे हे तुमचे म्हणणे राहते. मनोरुग्णालयात ते आजाराचे लक्षण ठरते.

आजच्या रशियात पद्धत बदलली, उद्देश तोच राहिला. युक्रेनवरील आक्रमणानंतर आठच दिवसांनी, ४ मार्च २०२२ रोजी, सैन्याविषयी खोटी माहिती पसरवण्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैद आणि सैन्याची अप्रतिष्ठा करण्यासाठी दंड व कैद अशी तरतूद झाली. खोटे काय हे संरक्षण मंत्रालयाच्या निवेदनांशी ताडून ठरते, त्यामुळे बचावाला जागाच उरत नाही. मॉस्कोच्या एका प्रभागाचे लोकप्रतिनिधी अलेक्सेई गोरिनोव्ह यांनी परिषदेच्या बैठकीत, युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण इथे मुलांच्या चित्रकला स्पर्धा कशा भरवायच्या, असा प्रश्न केला. जुलै २०२२ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सेंट पीटर्सबर्गच्या कलावंत साशा स्कोचिलेंको यांनी दुकानातील किमतीच्या पाच चिठ्ठ्यांच्या जागी युद्धाची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या. त्यांनाही सात वर्षे मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मधील कैद्यांच्या अदलाबदलीत त्या सुटल्या. विरोधी पक्षीय राजकारणी व्लादिमीर कारा-मुर्झा यांना तर २५ वर्षांची शिक्षा झाली होती. तेही याच अदलाबदलीत बाहेर आले. गोरिनोव्ह यांचे नाव त्या यादीत नव्हते. उलट त्याच वर्षी त्यांच्यावर तुरुंगातील संभाषणांवरून नवा खटला चालवून शिक्षा वाढवण्यात आली. प्रसिद्धी ज्यांच्या वाट्याला कमी येते त्यांना सुटकेची संधीही कमी मिळते, हे मला फार अस्वस्थ करते.

प्रतिसाद ४

दुसऱ्या प्रतिसादात मर्यादेचा जो मुद्दा आला आहे, त्यावर १९४० साली भारतात अगदी नेमकी चर्चा झाली होती. ब्रिटनने भारताला न विचारता दुसऱ्या महायुद्धात ओढले होते. सप्टेंबर १९४० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे युद्धाविरुद्ध अहिंसक प्रचार करण्याचे स्वातंत्र्य मागितले. व्हाइसरॉयचे उत्तर असे होते की, ब्रिटनमध्ये सद्सद्विवेकाने युद्ध नाकारणाऱ्याला आपले मत जाहीरपणे सांगता येते, पण सैनिकांना किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांना आपल्या कामापासून परावृत्त करण्यापर्यंत त्याला जाता येत नाही. मत बाळगा, सांगाही, पण कोणाला पटवू नका, असा त्याचा अर्थ होतो. पटवण्याची मुभा नसलेले भाषणस्वातंत्र्य गांधीजींनी स्वीकारले नाही.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले. ब्रिटिशांच्या युद्धकार्याला माणसे किंवा पैसा देऊन मदत करणे चूक आहे, ही घोषणा हाच गुन्हा होता. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रहाच्या बातम्या दिल्लीच्या मुख्य वृत्तपत्र सल्लागाराच्या संमतीशिवाय छापू नयेत असे बंधन आले, तेव्हा गांधीजींनी हरिजन साप्ताहिक बंद ठेवणे पसंत केले. पुढील काही महिन्यांत २०,००० हून अधिक लोक तुरुंगात गेले. यातील अनेकांना हिटलरविषयी तिरस्कारच होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. युद्धाला विरोध म्हणजे शत्रूला साथ, हे समीकरण येथे सर्वस्वी कोसळते.

प्रतिसाद ५

चर्चा न्यायालये आणि तुरुंग यांच्याभोवती फिरते आहे, पण नोकरी आणि पद काढून घेणे हेही तितकेच प्रभावी साधन आहे. जपानच्या संसदेत साइतो ताकाओ यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये चीनमधील युद्धाचा हेतू काय, असा प्रश्न विचारला. त्यांच्या भाषणाचा मोठा भाग कामकाजाच्या नोंदींतून काढून टाकण्यात आला आणि पुढच्या महिन्यात सभागृहाने त्यांना बडतर्फ केले. निवडून आलेल्या ज्युलियन बाँड यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या निवेदनाचे समर्थन केले म्हणून १९६६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधानसभेने त्यांना शपथ घेऊ दिली नाही. मुहम्मद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये सैन्यात दाखल होण्यास नकार दिला, आणि ते दोषी ठरण्यापूर्वीच त्यांचा मुष्टियुद्धाचा परवाना व जगज्जेतेपद काढून घेण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये त्यांची शिक्षा रद्द केली, पण खेळाडूच्या ऐन उमेदीची तीन वर्षे कोणते न्यायालय परत देणार? इराक युद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ मध्ये, अमेरिकेतील एमएसएनबीसी वाहिनीने फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. युद्धाच्या काळात ते वाहिनीसाठी अडचणीचा चेहरा ठरतील, असे अंतर्गत टिपणात म्हटले होते. येथे सरकारी हुकमाची गरजच पडली नाही.

प्रतिसाद ६

रशियातील शिक्षा आणि लोकशाही देशांतील कारवाया यांना एकाच ओळीत बसवू नये, एवढेच सुचवतो. पहिल्या ठिकाणी न्यायालय सरकारचेच अंग आहे, दुसऱ्या ठिकाणी दाद मागता येते.

धागालेखकाचे उत्तर

फरक खरा आहे आणि तो पुसून टाकू नये. तरीही लोकशाही देशांतील ताज्या घटना पाहिल्या की दाद मागण्याची सोय किती उशिरा हाती लागते हे दिसते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील एका तुर्की संशोधक विद्यार्थिनीला बुरखाधारी अधिकाऱ्यांनी रस्त्यातून उचलले आणि दूरच्या लुइझियाना राज्यात स्थानबद्ध केले. गाझामधील युद्धाबाबत विद्यापीठाने भूमिका घ्यावी, अशी मागणी करणारा लेख तिने इतरांसह विद्यापीठाच्या वृत्तपत्रात लिहिला होता, आणि त्या लेखापलीकडे सरकारने पुरावा दिलेला नाही, असे न्यायाधीशांनी तिला सोडताना नमूद केले. सुटका व्हायला सहा आठवडे लागले. तिच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. वापरले गेले ते परदेशी नागरिकांच्या वास्तव्याविषयीचे अधिकार.

ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये पॅलेस्टाइन अ‍ॅक्शन या गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली. त्या गटाच्या लोकांनी हवाई दलाच्या तळावर घुसून विमानांचे नुकसान केले होते. नुकसान करणाऱ्यांवर साध्या फौजदारी कायद्याने खटला चालवता येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ९ ऑगस्ट रोजी लंडनमध्ये ५०० हून अधिक लोकांना अटक झाली. त्यांतल्या बहुतेकांनी फक्त गटाला पाठिंबा दर्शवणारा फलक धरला होता, आणि अनेक जण साठीच्या पुढचे होते. कृत्य आणि मत यांच्यातली सीमा ज्या कायद्याने पुसली जाते, त्याचा उपयोग पुढचे सरकार कोणावर करील याची खात्री आज कोणीही देऊ शकत नाही.

प्रतिसाद ७

मला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे. आक्रमण झालेल्या देशाने काय करावे? युक्रेनमध्ये लष्करी कायद्याच्या काळात पर्यायी सेवेची, म्हणजे सैन्याऐवजी नागरी काम करण्याची, सोय थांबवण्यात आली आणि धार्मिक कारणाने शस्त्र नाकारणाऱ्या काहींना शिक्षा झाल्या. तेथील राष्ट्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. माझी सहानुभूती पूर्णपणे त्या देशाच्या बाजूने असूनही शस्त्र न उचलणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकणे मला पटत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये बायात्यान विरुद्ध आर्मेनिया या खटल्यात असा नकार हा विवेकस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि तो हक्क शांततेपुरताच असेल तर त्याला काही अर्थ उरत नाही, कारण त्याची कसोटी युद्धातच लागणार.

ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांचा हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिल्याबद्दल ९ ऑगस्ट १९४३ रोजी शिरच्छेद करण्यात आला. नाझी राजवट गेल्यावरही गावाने युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरण्यास सुरुवातीला नकार दिला, आणि त्यांच्या पत्नीला १९५० पर्यंत निवृत्तिवेतन मिळाले नाही. लढायला गेलेल्यांच्या घरच्यांना त्यांचा नकार हा स्वतःवरचा आरोप वाटत असावा. बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये ती शिक्षा रद्द केली. राजवट बदलली तरी शेजाऱ्यांचे मन बदलायला दोन पिढ्या जाव्या लागतात, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

धागालेखकाचे उत्तर

आपल्या प्रश्नावर माझे मत आपल्यासारखेच आहे: स्वसंरक्षणाचे युद्ध न्याय्य असले तरी त्यात एखाद्याला हत्यार धरायला भाग पाडण्याचा अधिकार त्यातून आपोआप निघत नाही.

उशिरा मिळालेल्या न्यायाचे आणखी एक उदाहरण देतो. मोंटाना राज्याच्या १९१८ च्या राजद्रोह कायद्याखाली शिक्षा झालेल्या ७८ लोकांना राज्यपालांनी २००६ मध्ये माफी दिली. यातले बरेच जण साधे शेतकरी, मजूर आणि स्थलांतरित होते, आणि काहींचा गुन्हा दारूच्या गुत्त्यात काढलेले उद्गार एवढाच होता. माफी जाहीर झाली तेव्हा त्यांचे नातू आणि पणतू हजर होते.

१९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे २० वे कलमही येथे पाहण्यासारखे आहे. युद्धाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या प्रचाराला कायद्याने मनाई करावी, असे ते सांगते. अमेरिकेने या कलमाला भाषणस्वातंत्र्याच्या कारणावरून हरकत नोंदवली. अमेरिकेने १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा मात्र आजही कायम ठेवला आहे. त्याची राजद्रोहाची दुरुस्ती युद्धानंतर लवकरच गेली, मूळ कायदा राहिला. व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त कागदपत्रे १९७१ मध्ये वृत्तपत्रांना देणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्यावर त्याच कायद्याखाली खटला चालला. ती कागदपत्रे आपण का उघड केली, असे त्यांच्या वकिलाने त्यांना साक्षीत विचारले, तेव्हा सरकारी पक्षाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी तो प्रश्न गैरलागू ठरवला. सरकारच्या स्वतःच्या बेकायदा कृत्यांमुळे १९७३ मध्ये खटला बाद झाला, म्हणून एल्सबर्ग सुटले. पण जनहितासाठी माहिती उघड केली हा बचाव त्या कायद्यात तेव्हा नव्हता आणि आजही नाही.